तिडंबू पाठीवर, साखळी पायात

केरळमधल्या गुरुवायूरच्या श्रीकृष्ण मंदिरात वर्षातून एक सकाळ अशी येते, की देवाची फेरी हत्तीविना निघते. एरवी दिवसातून तीनदा हत्तीवर बसून आपल्याच देवळाला प्रदक्षिणा घालणारा गुरुवायूरप्पन त्या सकाळी पुजाऱ्याच्या हातातून जातो. कुंभम महिन्यातल्या, म्हणजे साधारण माघ-फाल्गुनातल्या, दहा दिवसांच्या उत्सवाचा हा पहिला दिवस. त्यामागची कथा गुरुवायूरमध्ये कुणालाही विचारा, लगेच सांगतील. हे देवस्थान तेव्हा लहान होते, स्वतःचे हत्ती नव्हते. उत्सवासाठी ते तृक्कणामतिलकमच्या मंदिराकडून मागून आणावे लागत. एका वर्षी काही कुरबुर झाली आणि त्या लोकांनी हत्ती धाडायला साफ नकार दिला. सकाळची फेरी तशीच उरकावी लागली. दुपारी मात्र तिकडच्या हत्तींनी साखळदंड तोडले आणि गळ्यातल्या घंटा वाजवत ते आपणहून गुरुवायूरच्या दारात धावत आले.

त्या आठवणीसाठी आजही उत्सवाच्या पहिल्या दिवशी दुपारी मंजुळाल या जुन्या वडापासून देवळापर्यंत हत्ती धावतात. या धावेला आनयोट्टम म्हणतात. जो हत्ती आधी पोहोचेल त्याला उत्सवाच्या दिवसांत देवाला पाठीवर घेण्याचा मान मिळतो. पूर्वी या धावेत हत्तींची झुंडच असे. गर्दी आणि अपघात यांचा विचार करून आता मोजकेच हत्ती धावतात. कथा गोड आहे, पण तिच्यातला एक तपशील सहसा कुणी बोलून दाखवत नाही. हत्ती देवाकडे आले ते साखळी तोडून. आजचा हत्ती धाव जिंकतो आणि पुन्हा साखळीत जातो.

मराठी माणसाला हे सगळे थोडे परके वाटते, कारण आपला देव पालखीतून निघतो. जेजुरीचा खंडोबा सोमवतीला कऱ्हेवर स्नानाला जातो तो माणसांच्या खांद्यावरून. केरळात ते काम हत्तीचे. गाभाऱ्यातली मूर्ती जागची हलत नाही. तिचे तेज ज्या छोट्या प्रतिमेत आवाहन करून आणतात, तिला तिडंबू म्हणतात. रोजच्या फेरीला, म्हणजे शीवेलीला, पुजारी तिडंबू घेऊन हत्तीच्या पाठीवर बसतो. मोठ्या दिवशी तिडंबू कोलम नावाच्या उंच नक्षीदार चौकटीत बसवतात आणि ते कोलम सोन्याचे असते. पुढे दिवट्या, चेंडा या ढोलाचा ठेका, कोंब आणि कुळल या वाद्यांचा सूर, मागे भाविक. ही फेरी चालू असेतो हत्तीची पाठ हाच गाभारा. हत्तीला तिथे कुणी देव मानत नाही. गणपतीचे रूप म्हणून त्याला नमस्कार होतो, गूळ-केळी मिळतात, पण त्याची खरी पदवी देवाच्या सेवकाची आहे. तो देवस्वमच्या, म्हणजे देवस्थानाच्या, दप्तरात नावानिशी नोंदलेला असतो. त्याला रजा असते, औषधोपचार असतात, आणि मेल्यावर त्याच्यासाठी गाव रडते.

हत्ती देवळाजवळ आला तो आधी दगडातून आणि पुराणातून. समुद्रमंथनातून निघालेला ऐरावत इंद्राकडे गेला. ऐरावत, पुंडरीक, वामन, कुमुद, अंजन, पुष्पदंत, सार्वभौम आणि सुप्रतीक हे आठ दिग्गज आठ दिशा सांभाळतात. भागवताच्या आठव्या स्कंधात मगरीने पाय धरलेला गजेंद्र सोंडेत कमळ धरून विष्णूचा धावा करतो. तो पूर्वजन्मीचा इंद्रद्युम्न राजा, अगस्त्याच्या शापाने हत्ती झालेला. गजलक्ष्मीवर दोन बाजूंनी हत्ती पाणी घालतात. वेरूळच्या कैलास लेण्यात शिरताना ही गजलक्ष्मी समोर येते, अंगणात दोन अखंड दगडी हत्ती उभे असतात आणि मंदिराच्या जोत्याला हत्तींची रांग जणू पाठीवर पेलून धरते. हळेबीडच्या होयसळेश्वराच्या भिंतीवर सर्वांत खालचा थर हत्तींचाच आहे. आपल्याकडे नवरात्रात मुली पाटावर हत्ती काढून त्याभोवती भोंडल्याचा फेर धरतात, तो हस्त नक्षत्राचा, पावसाचा हत्ती. यादी लांबवता येईल, पण दगडी हत्तीला भूक लागत नाही, म्हणून पुढचे सगळे लिहिण्याजोगे आहे ते जिवंत हत्तीविषयी.

जिवंत हत्तीचे शास्त्र आपल्याकडे फार जुने. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हस्त्यध्यक्षाची कर्तव्ये आहेत, हत्तींसाठी राखलेल्या वनांची व्यवस्था आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त हत्ती पकडण्याच्या आणि सांभाळण्याच्या रीती आहेत. पण या विद्येचा मूळ आचार्य म्हणून नाव घेतात ते पालकाप्य मुनीचे, आणि त्याची कथा विलक्षण आहे. अंग देशाचा राजा रोमपाद याच्या राज्यात रानहत्ती पिके तुडवू लागले. राजाने ते पकडवून खुंट्यांना बांधले. त्या हत्तींबरोबर रानात राहणारा, हत्तिणीच्या पोटी जन्मलेला एक मुनी त्यांना शोधत चंपानगरीत आला. बांधलेले, जखमी झालेले आपले सोबती पाहून तो शोकाने व्याकुळ झाला आणि कुणाशी न बोलता त्यांच्या जखमांना औषध लावू लागला. राजाने खूप विनवणी केल्यावर त्याने जे सांगितले तो हस्त्यायुर्वेद. म्हणजे हत्तीच्या पहिल्या शास्त्राची पहिली ओळ, कथेपुरती का होईना, बांधलेल्या हत्तीच्या दुःखात बुडवून लिहिलेली आहे.

केरळच्या परंपरेत याच विद्येचा आटोपशीर संस्कृत ग्रंथ म्हणजे नीलकंठाची ‘मातंगलीला’. तिच्यात हत्तींना एके काळी उडता येत असे, अशी कथा येते. हिमालयाजवळच्या एका वडाच्या फांदीवर हत्ती उतरले, फांदी मोडली, आणि खाली राहणाऱ्या दीर्घतपस ऋषींनी रागाने शाप दिला, की तुमचे उडणे संपेल आणि तुम्ही माणसांचे वाहन व्हाल. याच ग्रंथात नव्याने पकडलेला हत्ती रानातले सुख आठवून कसा झुरतो, खाणे कसे टाकतो, हेही मोकळेपणाने सांगितले आहे. आणि याच ग्रंथात उत्तम हत्तीची लक्षणे आहेत, जी केरळातले हत्तीवेडे आजही बोटांवर मोजतात. उंच, फुगीर गंडस्थळ. जमिनीला टेकेल इतकी लांब सोंड. मधाच्या रंगाचे डोळे. न मोडलेली शेपटी. अठरा किंवा वीस नखे. सोळा असतील तर हत्ती अशुभ. उभे असताना मान ताठ, डोके उंच. ही शेवटची गोष्ट तर इतकी महत्त्वाची, की कोण डोके अधिक उंच धरतो याच्या स्पर्धा गावोगाव लावल्या जात. केरळच्या देवळांना मुख्यतः सुळेवालेच हत्ती हवे असतात. हत्तीण शांत असते, सांभाळायला सोपी असते, तरी तिला मान दुय्यम. आणि बिनसुळ्याच्या मखण्या नराची तर तिथे डाळच शिजत नाही.

या सगळ्या लक्षणांत बसणारा, आणि केरळच्या मनात अजून चालत असलेला हत्ती म्हणजे गुरुवायूर केशवन. १९२१ मध्ये मलबारात मोपल्यांचे बंड पेटले तेव्हा निलंबूरच्या राजघराण्याने गुरुवायूरप्पनाला नवस केला. आपण वाचलो तर एक हत्ती वाहू. ४ जानेवारी १९२२ रोजी निलंबूरच्या जंगलात पकडलेला तरुण केशवन देवाच्या दारी आला. देवाला हत्ती वाहण्याच्या या विधीला नडयिरुत्तल म्हणतात, म्हणजे देवळाच्या दारात हत्तीला गुडघे टेकवून बसवणे. त्यानंतर चोपन्न वर्षे केशवन गुरुवायूरचा होता. उंची दहा फुटांच्या वर. त्याच्याबद्दल सांगतात, की तिडंबू घेतलेल्या पुजाऱ्यालाच तो पुढच्या पायावरून चढू देई. बाकी कुणीही, अगदी छत्री धरणारासुद्धा, मागच्या पायावरून चढायचा. दुसऱ्या देवळाच्या उत्सवात बरोबरच्या हत्तीला आपल्याहून वरचे स्थान दिले तर तो खपवून घेत नसे, अशाही कथा आहेत. १९७३ मध्ये देवस्वमने त्याला ‘गजराजन’ ही पदवी दिली. हत्तीला पदवी देण्यात थोडा विनोद आहे खरा, पण तिथल्या माणसांना त्यात काही वावगे वाटले नाही, आणि केशवनची कथा नीट ऐकली की आपल्यालाही वाटत नाही.

१९७६ च्या गुरुवायूर एकादशीच्या आदल्या दिवशी फेरीच्या वेळी त्याचे अंग थरथरू लागले. त्याला बाजूला नेले. त्याने अन्नपाणी घेतले नाही, आणि २ डिसेंबरला, ऐन एकादशीच्या दिवशी, देवळाच्या दिशेला तोंड करून, सोंड वर उचललेल्या अवस्थेत त्याने प्राण सोडला. भाविकांच्या लेखी याहून मोठे पुण्यमरण नाही. पुढच्याच वर्षी दिग्दर्शक भरतन यांनी ‘गुरुवायूर केशवन’ हा मल्याळम चित्रपट काढला. केशवनचे सुळे आणि चित्र देवळाच्या प्रवेशद्वाराशी लावलेले आहेत. बाहेर त्याचा पूर्णाकृती पुतळा आहे, आणि दरवर्षी एकादशीच्या आदल्या दिवशी देवस्वमचे हत्ती रांगेने जाऊन त्या पुतळ्यासमोर उभे राहतात. पुढारी हत्ती हार घालतो. माणसांनी माणसांच्या पुतळ्यांना हार घालण्याच्या आपल्या देशात हा सोहळा मला कितीतरी अधिक प्रामाणिक वाटतो. केशवननंतर गुरुवायूरच्या पहिल्या हत्तीचा मान पद्मनाभन या हत्तीकडे गेला. तो २६ फेब्रुवारी २०२० रोजी वारला.

हत्ती वाढले तसे त्यांना देवळाजवळ ठेवणे अवघड झाले. १९७५ मध्ये देवस्वमने साधारण तीन किलोमीटरवरचा पुन्नत्तूर राजांचा जुना वाडा घेतला आणि हत्ती तिथे नेले. आज त्याला आनक्कोट्टा, हत्तींचा कोट, म्हणतात. एके काळी तिथे साठाहून अधिक हत्ती होते, आता चाळिसाच्याही खाली आले आहेत. कर्किडकम महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून पुढे, केरळात धो धो पाऊस असतो, उत्सव नसतात. हा हत्तींच्या विश्रांतीचा आणि औषधपाण्याचा काळ. देवस्वम त्याच सुमारास महिनाभर हत्तींना भात, मूग, कुळीथ, नाचणी यांचे गोळे, त्यात च्यवनप्राश आणि अष्टचूर्ण असा खुराक देते. त्रिशूरच्या वडक्कुन्नाथन मंदिरात कर्किडकमच्या पहिल्या दिवशी आनयूट्ट असते: पहाटे गणपतीचा होम आणि मग देवळाच्या आवारात ओळीने उभ्या केलेल्या हत्तींना भात, गूळ, तूप, फळे भरवायची. पावसात भिजत लोक ते पाहायला येतात.

त्याच वडक्कुन्नाथनच्या दारात वैशाखाच्या आसपास, मेडम महिन्यात, त्रिशूर पूरम हे देवळांचे उत्सवी संमेलन भरते. अठराव्या शतकाच्या अखेरीस कोचीनचा राजा शक्तन तंपुरान याने ते सुरू केले. त्याआधी आजूबाजूच्या देवळांचे देव आराट्टुपुळाच्या पूरमला जात. एका वर्षी पावसाने त्रिशूरकडची मंडळी उशिरा पोहोचली, त्यांना आत घेतले नाही, आणि अपमानित होऊन ती राजाकडे आली. राजाने शहराच्या मध्यावर वडक्कुन्नाथनभोवतीच्या तेक्किनकाड मैदानात नवे पूरम उभे केले आणि त्याचे दोन भिडू ठरवले, पारमेक्कावू आणि तिरुवंबाडी. तेव्हापासून या दोन देवळांची चुरस हीच पूरमची जान.

दोन्ही बाजूंनी प्रत्येकी पंधरा हत्ती समोरासमोर उभे राहतात. कपाळावर नेट्टिप्पट्टम, तांब्याच्या फुगीर टिकल्यांवर सोन्याचा मुलामा देऊन कापडावर शिवलेले सोंडेवर उतरत जाणारे आभरण. पाठीवर उभे असलेले लोक ठेक्यावर पांढऱ्या चवऱ्या, वेंचामरम, उडवतात; मोरपिसांचे गोल पंखे, आलवट्टम, वर उचलतात. दुपारी देवळाच्या आवारात पूर्वी बकुळीचे झाड होते त्या जागी इलंजित्तरा मेळम वाजते. शेकडो वादक, चेंडे, झांजा, कोंब, दोन तासांहून अधिक काळ, संथ लयीतून चढत चढत असे टोक गाठतात की गर्दीतले हजारो हात आपोआप हवेत जातात. संध्याकाळी कुडमाट्टम. एका बाजूच्या पंधरा हत्तींवर एकाच वेळी रेशमी छत्र्या बदलतात, समोरची बाजू लगेच आपले नवे रंग काढते, आणि हे उत्तर-प्रत्युत्तर अंधार पडेतो चालते. कोणत्या देवळाने कोणता रंग, कोणती नक्षी आणली हे गुपित महिनोन्‌महिने जपलेले असते. पहाटे आतषबाजी. केरळात हिंदूंबरोबर ख्रिस्ती आणि मुसलमानही या मैदानात असतात. तिथल्या अनेक चर्चच्या आणि दर्ग्यांच्या उत्सवांतही सजवलेले हत्ती चालतात. दारात हत्ती झुलणे ही आपल्याकडे बोलण्यापुरती श्रीमंती आहे. तिकडे ती खरोखर दारात उभी असे, आणि धर्म कोणताही असो, हत्तीचा शौक सगळ्यांचा होता. वैक्कम मुहम्मद बशीर यांच्या ‘माझ्या आजोबांकडे एक हत्ती होता’ या अर्थाच्या नावाच्या कादंबरीतली फुशारकी एका मुसलमान घराचीच आहे.

पूरमच्या आदल्या दिवशी वडक्कुन्नाथनचा दक्षिण गोपुराचा दरवाजा उघडून पूरमची वर्दी देतात. नैतलक्कावू भगवतीचा तिडंबू घेतलेला हत्ती तो दरवाजा आतून ढकलतो. अनेक वर्षे हे काम तेच्चिकोट्टुकावू रामचंद्रन या हत्तीने केले. दहा फुटांहून उंच, डोके असे उचलून धरणारा की पाहतच राहावे. त्याच्या नावाने चाहत्यांची मंडळे आहेत, कटआउट लागतात, त्याला उत्सवाला नेण्यासाठी लाखांची बोली लागते. तो एका डोळ्याने आंधळा आहे, आणि त्याने आजवर किमान तेरा माणसे मारली आहेत. २०१९ च्या फेब्रुवारीत दोन जण गेल्यावर त्याच्यावर बंदी आली. हत्तीमालकांनी मग एकही हत्ती पूरमला न पाठवण्याची धमकी दिली, राजकारणी मध्ये पडले, आणि अखेर डॉक्टरी तपासणीनंतर तासाभरासाठी त्याला दरवाजा उघडू दिला. हा सगळा प्रकार मला पूरमच्या सोन्याइतकाच त्या समाजाविषयी सांगणारा वाटतो.

हत्ती माणसे का मारतो? दुष्टपणा शोधण्याआधी त्याचे शरीर पाहावे. आशियाई हत्तीला दिवसाला दीडशे-दोनशे किलो चारा आणि शेकडो लिटर पाणी लागते. रानात तो दिवसरात्र चालत आणि खात असतो. घामग्रंथी त्याला नखांच्या कडेपुरत्याच. अंग थंड ठेवतात ते पाणी, चिखल आणि हलणारे कान. त्याला एप्रिलच्या उन्हात, डांबरावर, ढोल आणि फटाक्यांच्या मधोमध, तासन्‌तास एका जागी उभे करायचे. त्यातच वयात आलेल्या नराला वर्षातून काही आठवडे ते काही महिने मद येतो. डोळा आणि कान यांच्यामधल्या ग्रंथीतून स्राव गालावर ओघळतो, रक्तातले नरसंप्रेरक कित्येक पटींनी वाढते, आणि ओळखीचा माहूतही त्याला नकोसा होतो. या काळात त्याला बांधून ठेवण्यावाचून उपाय नसतो. उत्सवाचा हंगाम आणि मदाचा काळ अनेकदा एकत्र येतात, तेव्हा मालकाला नुकसान सोसवत नाही. तिथून अपघात सुरू होतात.

या सगळ्याच्या मधोमध असतो पाप्पान, म्हणजे माहूत. एका हत्तीला सहसा दोन-तीन पाप्पान. पहिल्याचा शब्द अखेरचा. त्यांच्याकडे लांब आणि आखूड काठी असते, आणि तोट्टी हा अंकुश. मालक आणि पुजारी बदलले तरी हत्तीला भाषा कळते ती पाप्पानची. त्याच्या कानामागे पायाचा अंगठा किती दाबला यावरून तो वळतो. पूर्वी एका पाप्पानचे आयुष्य एका हत्तीबरोबर जाई. आता मालक बदलतात, कंत्राटे बदलतात, हत्तीला दर काही महिन्यांनी नवी माणसे, आणि नव्या माणसाने धाक बसवायचा म्हणजे काठी. चिरडून मरणाऱ्यांत सर्वांत जास्त भरणा पाप्पानांचाच असतो. त्यांच्या घरच्यांच्या वाट्याला काय येते, याची बातमी क्वचित होते.

आणखी एक गोष्ट मुळातच लक्षात घ्यायला हवी. घोडा, बैल, उंट हे माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पैदास करून माणसाळवले. देवळातला हत्ती तसा कधीच नव्हता. त्याची गाभण अठरा ते बावीस महिन्यांची, पिलू मोठे व्हायला वर्षे लागतात, म्हणून तो नेहमी रानातूनच आणायचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९७७ मध्ये हत्तीला पहिल्या अनुसूचीत घातले आणि ती वाट बंद झाली. मग केरळचे मालक बिहारच्या सोनपूरच्या जत्रेतून, आसामातून हत्ती आणू लागले. उत्तरेतला हत्ती केरळात येऊन मल्याळी नाव घेऊन उभा राहू लागला. पुढे तेही अवघड झाले. २०१८ च्या गणनेत केरळात ५२१ पाळीव हत्ती होते, त्यानंतर आकडा सतत घसरतो आहे. हत्ती कमी आणि उत्सव तेवढेच, म्हणजे उरलेल्या प्रत्येक हत्तीच्या वाट्याला जास्त मिरवणुका आणि ट्रकमधला जास्त प्रवास. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी कोयिलांडीजवळच्या देवळात फटाक्यांच्या आवाजाने बिथरून एक हत्ती दुसऱ्यावर धावला, पळापळ झाली, तीन जण गेले. दोन्ही हत्ती गुरुवायूर देवस्वमचे होते. त्याआधी तीनच महिने केरळ उच्च न्यायालयाने दोन हत्तींमध्ये ३ मीटर, हत्ती आणि लोक यांच्यात ८ मीटर अंतर ठेवण्याचे बंधन घातले होते. देवस्वमांनी ते अशक्य ठरवले आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

तामिळनाडूत रीत वेगळी आहे. तिथे बहुधा एका देवळाला एकच हत्ती आणि तीही हत्तीण. श्रीरंगमला पहाटे कावेरीचे पाणी हत्तीवरून येते आणि रंगनाथाच्या पहिल्या दर्शनाला गाय आणि हत्ती समोर असतात. भाविकांच्या डोक्यावर सोंड ठेवून नाणे घेणारी देवळाच्या दारातली हत्तीण आपल्या यात्रेकरूंना माहीत असते ती तिकडचीच. गर्दीचा त्रास कमी, एकाकीपणा जास्त. कळपात राहणाऱ्या प्राण्याला आयुष्यभर दुसरा हत्ती दिसत नाही. म्हणूनच २००३ पासून तिथल्या सरकारने देवळांच्या हत्तींसाठी रानाकाठी अठ्ठेचाळीस दिवसांची शिबिरे भरवायला सुरुवात केली. पुदुच्चेरीच्या मणक्कुळ विनायगर मंदिरातली लक्ष्मी ३० नोव्हेंबर २०२२ च्या सकाळी फेरीला निघाली असताना रस्त्यातच कोसळली, तेव्हा तिच्या अंत्ययात्रेला शहर लोटले.

महाराष्ट्राला हा प्रश्न दोनदा घरात येऊन भेटला आहे. जोतिबाला वाहिलेल्या सुंदर हत्तीच्या हालांची छायाचित्रे बाहेर आली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१४ मध्ये तो बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टाला रवाना झाला. नांदणीचा मठ जैन, तरी तिथल्या महादेवी ऊर्फ माधुरी हत्तिणीवरून २०२५ मध्ये जे झाले ते या विषयाला सोडून नाही. न्यायालयाच्या आदेशाने ती जामनगरला गेली, निरोपाला गाव रडले, आणि तिच्या परतीसाठी हजारो माणसे कोल्हापूरपर्यंत पायी चालत गेली. त्या रडण्याला कुणी ढोंग म्हणू नये. आणि तिच्या पायांच्या जखमांविषयी जे न्यायालयापुढे आले तेही खोटे म्हणू नये. प्रेम आणि हाल एकाच घरात नांदू शकतात, एवढेच या दोन्ही गोष्टींतून दिसते.

हा वाद बाहेरच्यांनी आणला, असे म्हणणारे केरळातही पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. १९४० च्या दशकात वैलोप्पिळ्ळी श्रीधर मेनन यांनी ‘सह्यंटे मकन’, सह्याद्रीचा मुलगा, ही मल्याळम कविता लिहिली. मदात आलेला हत्ती उत्सवात उभा आहे, त्याला आपण सह्याद्रीच्या रानात आहोत असा भास होतो, आणि तो माणसांतून वाट काढत धावत सुटतो. केरळातल्या कित्येक पिढ्यांनी ती वाचली आहे. पालकाप्याचा शोक आणि ही कविता यांत हजारभर वर्षांहून अधिक अंतर असेल, पण गोष्ट एकच आहे. हत्तीवर प्रेम करणाऱ्या परंपरेला त्याचे दुःख सुरुवातीपासून ठाऊक होते.

देवाची सेवा हत्तीवाचून अडते, हेही खुद्द केरळात सगळीकडे खरे नाही. उत्तर केरळात, कण्णूरकडे, पुजारी तिडंबू स्वतःच्या डोक्यावर घेऊन ठेक्यात नाचतो. हे तिडंबू नृत्य शतकानुशतकांचे आहे. तळिपरंबाजवळच्या तृच्चंबरमच्या कृष्णमंदिरात तर हत्ती येऊच देत नाहीत. हा कृष्ण मथुरेत कुवलयापीड हत्तीला मारून उभा असलेला, त्याला हत्ती दिसू नये, अशी तिथली श्रद्धा. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजाडप्पिळ्ळीच्या कृष्णमंदिराने अकरा फुटी, आठशे किलोंचा यांत्रिक हत्ती आणला, त्याचे नाव रामन ठेवले आणि जिवंत हत्ती न वापरण्याचे जाहीर केले. मान हलवणारा, कान फडफडवणारा रबरी हत्ती पाहून जुने भक्त नाक मुरडतात, ते समजण्यासारखे आहे. पण गुरुवायूरनेही काळाप्रमाणे वाट काढलीच आहे. आता नवा हत्ती मिळत नाही, म्हणून नवसाच्या रकमेइतके पैसे भरून, देवस्वमचाच एखादा हत्ती दारात बसवून, प्रतीकरूपाने नडयिरुत्तल करता येते. देवाने ते नाकारल्याचे कुणी ऐकलेले नाही.

गुरुवायूरला जाणार असाल तर आनक्कोट्टाला जरूर जा. शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये जा. तेव्हा हत्तींना विश्रांती असते आणि ते सोन्याविना, नुसते हत्ती म्हणून पाहायला मिळतात. आत फटाका, कर्णा, फ्लॅश काही नको. ज्याच्या गालावर काळा ओघळ दिसेल त्याच्यापासून लांब राहा. पाप्पान परवानगी देईल त्या रेषेपुढे पाऊल टाकू नका, आणि हत्तीच्या सोंडेत नाणे ठेवून आशीर्वाद घेण्याचा हट्ट धरू नका. ते पैसे त्याच्या चाऱ्यासाठी देवस्वमच्या पेटीत टाकलेत तर जास्त बरे.